दुसऱ्या दिवसाची दुपार बघून निवडा: घराजवळचा दोन-तीन दिवसांचा ट्रेक

एका दिवसाचे ट्रेक करून झाले, सिंहगड, लोहगड, कळसूबाई पायाखालून गेले, की पुढची ओढ लागते ती पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगरात मुक्काम करण्याची. मग जोडून सुट्टी येते, कुणीतरी विचारतं, "या वेळी कुठे जायचं?" आणि उत्तरात गडांची नावं यायला लागतात. नावावरून ट्रेक ठरवायचा नाही, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. बाकी सगळं त्या एका गोष्टीचा तपशील आहे.

एका दिवसाच्या ट्रेकला काही चुकलं तरी रात्री माणूस घरी पोचतो, गरम पाण्याने अंघोळ करतो आणि विसरून जातो. मुक्कामाच्या ट्रेकला तसं होत नाही. पहिला दिवस उत्साहात जातो. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी बारा ते तीनच्या मध्ये असते. पाय भरून आलेले, सॅकचे पट्टे खांद्यात रुतलेले, सकाळी भरलेलं पाणी तळाला गेलेलं, गाडी मागे राहिलेली आणि पुढचं गाव अजून दिसत नसलेलं. म्हणून कुठलाही ट्रेक समोर आला की मी आधी ती दुपार बघतो. त्या वेळी आपण नेमके कुठे असू, तिथे सावली आहे का, पाणी आहे का, आणि तिथून खाली उतरायची सोय आहे का? याची उत्तरं मिळाली तर ट्रेक निवडण्याजोगा. मिळाली नाहीत तर गडाचं नाव कितीही मोठं असू दे, तो पुढच्या वर्षी.

मी पुण्याचा, त्यामुळे उदाहरणं सह्याद्रीतली येतील. मुंबई, नाशिक किंवा कोल्हापूरकडून निघणाऱ्यांनाही हीच रीत लागू पडते, फक्त गावांची नावं बदलतील.

आधी गाडीचे तास मोजा

नकाशावर घरापासून तीन तासांचं वर्तुळ काढा. किलोमीटर मोजू नका, तास मोजा. शेवटचे वीस किलोमीटर घाटातले किंवा खडबडीत असले तर त्यांनाच तासभर लागतो. शुक्रवारी कामावरून सुटून रात्री आठला निघालात तर तीन तासांत पायथ्याच्या गावी पोचून पाच-सहा तास झोप मिळते. पाच तासांचा प्रवास असेल तर झोप जाते, आणि न झोपता चढायला लागलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी हमखास बसतो.

परतीचा हिशोब त्याहून महत्त्वाचा आहे. रविवारी संध्याकाळी दमून, पोटभर जेवून स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यावर येणारी झापड मला कुठल्याही कड्यापेक्षा जास्त धोक्याची वाटते. आमच्यात नियम आहे: ज्या दिवशी परतायचं त्या दिवशी दुपारी तीनच्या आत गाडीपाशी पोचायचं. ज्याला गाडी चालवायची त्याने तासभर आडवं व्हायचं, मगच चावी हातात घ्यायची. या नियमात न बसणारा मार्ग आम्ही घेत नाही.

तीन तासांच्या वर्तुळात भरपूर काही आहे. पुण्याहून वेल्ह्याचा राजगड-तोरणा परिसर साठेक किलोमीटर. मुंबईकरांना राजमाची, आणि खांडसच्या बाजूने भीमाशंकर. नाशिककरांना रतनगड-हरिश्चंद्रगडाची रांग, आणि बागलाणात साल्हेर-मुल्हेर (साल्हेर १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला). कोल्हापूरकरांच्या तर दारातून पन्हाळा-विशाळगडाची वाट निघते.

आता गाडीचीच एक अडचण, जी नवख्यांच्या लक्षात येत नाही. मुक्कामाचे चांगले ट्रेक बहुतेक आडवे असतात. एका गावातून चढायचं आणि दुसऱ्याच गावात उतरायचं. गाडी मात्र एकाच गावात असते. रतनवाडीतून चढून रतनगड, कात्राबाई खिंड करत हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वरला उतरलात, की तुम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातून पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात आलेले असता. डोंगरातून तीन दिवसांची वाट, आणि रस्त्याने गाडीकडे जायचं तर मोठा वळसा. उपाय सोपा आहे. गाडी शेवटाच्या गावात लावायची आणि तिथून गावातली जीप ठरवून सुरुवातीच्या गावात जायचं. उलटं करू नका. सकाळी जीप किती वाजता हवी हे आदल्या दिवशी सांगता येतं. उतरायला किती वाजतील हे कुणालाच सांगता येत नाही, आणि दमलेल्या माणसाला जीपची वाट बघत बसायला लावणं वाईट. गुंजवणे आणि वेल्हे यांच्यासारखी जोडी असेल तर हा त्रास फार नाही, कारण मार्गासनीपर्यंत रस्ता एकच आहे, तिथून फाटे फुटतात. आणि जिथे दोन्ही टोकांना रेल्वे आहे तिथे गाडी घरीच ठेवा. लोणावळ्याला उतरून राजमाचीमार्गे कर्जतला लोकल पकडणं यासारखं सुख नाही.

महिना

पहिला मुक्कामी ट्रेक नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत करा. ऑक्टोबरात ऊन भाजून काढतं आणि गवत छातीएवढं असतं, पायवाट त्यात गडप होते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पाणी आटायला लागतं. पावसाळ्यात एका दिवसाचे ट्रेक आपण सगळेच करतो, पण मुक्कामाच्या ट्रेकला पहिल्याच दिवशी सगळं भिजतं आणि दुसऱ्या दिवशी ओल्या मोज्यांनी पायाची सालटं निघतात. दरडी आणि फुगलेले ओढे हे वेगळंच. जिल्हा प्रशासनही पावसाळ्यात बऱ्याच ठिकाणी बंदी घालतं.

याला एक अपवाद लोक सांगतात तो पन्हाळा-पावनखिंडीचा. बाजीप्रभूंची १३ जुलै १६६० ची झुंज आठवत शेकडो लोक दर जुलैमध्ये मसाई पठारावरून चिखल तुडवत जातात. ती वाट मला फार प्रिय आहे, आणि वाटेत वाड्या-वस्त्या असल्याने माणूस एकटा पडत नाही. तरी पहिला ट्रेक म्हणून मी ती सुचवणार नाही. आधी कोरड्या हवेत सॅक भरायला आणि चालायला शिका, मग पाऊस घ्या.

पाणी

इथे सावकाश वाचा.

सह्याद्री काळ्या कातळाचा आहे. चार महिने धो धो पाऊस पडतो आणि बहुतेक पाणी उतारावरून वाहून जातं. ओढे नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत साथ देतात, त्यानंतर गडावरची खोदीव टाकी आणि कुठेकुठे झरे, एवढ्यावरच भिस्त असते. टाक्यांतही फरक आहे. उघड्यावरचं टाकं आधी आटतं. कातळाच्या पोटात आत खोदलेलं खांबटाकं सावलीत असतं, त्यातलं पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकतं. त्यामुळे "गडावर टाकी आहेत" हे वाक्य काहीच सांगत नाही. कुठलं टाकं, कुठल्या महिन्यात, पिण्याजोगं की फक्त भांडी धुण्याजोगं, हे कळलं पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाच जण राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याकडे निघालो. कुणाच्या तरी टिपणात वाटेवर एका ठिकाणी "पाणी आहे" असं लिहिलेलं होतं. त्या भरवशावर प्रत्येकाने दोनच लिटर घेतलं. साडेबाराला त्या जागी पोचलो तर भेगाळलेला चिखल आणि त्यात गुरांच्या खुरांचे ठसे. पाच जणांत मिळून लिटरभर पाणी उरलं होतं. सोंडेवर झाड नाही. आमच्यातला जो सगळ्यांत जास्त बोलतो तो बोलायचा थांबला, आणि थोड्या वेळाने म्हणाला की डोकं ठणकतंय आणि मळमळतंय. उन्हात चालताना बडबड्या माणूस गप्प झाला की थांबायचं, हे मी त्या दिवशी शिकलो.

पुढे एका धनगराच्या घरापाशी आम्ही त्याला ओसरीवर निजवलं. घरातल्या मावशींनी न विचारता तांब्या पुढे केला. मग दुसरा, मग तिसरा. मित्राला मीठ-साखर घालून घोट घोट पाणी पाजलं, तासाभराने तो उठून बसला. तेव्हा मी विचारलं, पाणी कुठून आणता? मावशींनी हाताने खाली दरीकडे दाखवलं. डोक्यावर एक हंडा आणि त्यावर कळशी घेऊन, उतरून परत चढायचं, एका खेपेला तासाच्या वर. त्यांची सकाळची अख्खी खेप आम्ही पाच जणांनी पिऊन संपवली होती. त्यांनी पैसे घ्यायला नकार दिला. आम्ही दोघं कळशी घेऊन खाली गेलो आणि एक खेप करून आलो, तेव्हा त्या वाटेचा चढ कळला.

तेव्हापासून आमचा हिशोब असा: चालताना माणशी तीन लिटर, फेब्रुवारीनंतर चार. मुक्कामी पाणी नसेल तर संध्याकाळचं जेवण, सकाळचा चहा आणि तोंड धुणं यांसाठी माणशी दोन लिटर जादा. एक लिटर म्हणजे एक किलो. पाच लिटर पाणी पाठीवर घ्यायचं तर बाकीचं सामान किती उरतं बघा, आणि मग ठरवा की मुक्कामी पाणी नसलेला मार्ग पहिल्याच वेळी घ्यायचा का. माझं उत्तर ठाम नाही असं आहे. दोन पाणवठ्यांमधलं अंतर चार तासांच्या वर असेल तर तो मार्ग नवख्यांचा नाही.

टाक्यातलं पाणी थेट तोंडाला लावू नका. बाटलीला दहा-बारा फुटांची दोरी बांधून न्यावी, कारण पाणी खोल गेलेलं असतं. सुती पंचा दुहेरी करून गाळावं, मग उकळावं. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर ठेवलं की पुरे. इंधन वाचवायचं असेल तर क्लोरिनच्या गोळ्या टाकून अर्धा तास थांबावं. टाक्यात पाय घालू नये, भांडी विसळू नयेत. पुढच्या माणसाचंही ते पिण्याचंच पाणी असतं.

रात्र कुठे काढायची

तंबू विकत घेऊन मग ट्रेक शोधणारे लोक मला भेटतात. पहिल्या दोन-तीन ट्रेकला तंबू नकोच. घर, देऊळ आणि गुहा, या क्रमाने सोय बघा. पायथ्याच्या किंवा वाटेवरच्या वस्तीत कुणाच्या तरी ओसरीवर झोपायचं ठरवलं की तंबू, स्टोव्ह, शिधा यांचं चार-पाच किलो वजन उतरतं, गरम भाकरी-पिठलं मिळतं आणि त्या घराला चार पैसे मिळतात. मात्र दोन दिवस आधी फोन करून माणसं किती, जेवण किती, हे सांगा आणि पैसेही तेव्हाच ठरवा. रात्री नऊला दहा जणांनी अचानक दार वाजवणं बरोबर नाही. पीठ दळून ठेवावं लागतं, चूल पेटवावी लागते.

गडावर राहायचं असेल तर परवानगी आहे का ते आधी विचारा. राजगडावर पद्मावतीच्या देवळात आणि तोरण्यावर मेंगाईच्या देवळात पिढ्यान्‌पिढ्या भटके राहत आलेत, पण संरक्षित स्मारकांवरच्या मुक्कामाला बंधनं येत असतात आणि ती बदलतात. राजगड २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या १२ किल्ल्यांपैकी एक आहे. तिथे नियम अधिकच कडक असणार हे धरून चाला. पायथ्याच्या गावातल्या माणसाला विचारलं की आजची खरी स्थिती कळते.

वासोट्यासारख्या ठिकाणी प्रश्नच नाही. बामणोलीहून शिवसागरातून लाँचने जायचं, वनखात्याची परवानगी काढायची आणि संध्याकाळच्या आत परतायचं. कोयना अभयारण्यात, व्याघ्र प्रकल्पाच्या आत मुक्कामाचा हट्ट धरू नये. कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकरही अभयारण्यं आहेत. नाक्यावर नोंद करा, शुल्क भरा, शेकोटी पेटवू नका.

तास कसे काढायचे

किलोमीटर फसवतात. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला: ताशी पाच किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरना एक तास जादा. तो हलक्या पायाच्या, सरावलेल्या माणसाचा आहे. सह्याद्रीत दहा किलोची सॅक घेतलेल्या नवख्या गटासाठी मी तो जवळपास निम्मा करतो: ताशी तीन किलोमीटर, आणि दर ३०० मीटर चढाला एक तास. उताराला काही कमी करायचं नाही. घसाऱ्यावरचा, म्हणजे सुट्या माती-दगडांवरचा, उतार चढापेक्षा हळू जातो.

चढ मोजायला भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. त्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटरना एक अशा असतात. वाटेवर बोट ठेवून चढताना ओलांडलेल्या रेषा मोजा, वीसने गुणा. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तिथे कडा आहे, बोट तिथे थांबलं पाहिजे. अर्ध्या तासाचं काम आहे, घरी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांनी मिळून करावं. नुसत्या मोबाइलवरच्या निळ्या रेघेने जे कळत नाही ते बोट फिरवताना कळतं.

संजीवनी माची ते तोरणा घ्या. धार साधारण दहा-बारा किलोमीटर. अकरा धरले तर पावणेचार तास. चढउतारांतला चढ मिळून ६०० मीटर धरला तर आणखी दोन. दर तासाला दहा मिनिटं टेकणं आणि जेवणाचा पाऊण तास मिळवला की साडेसात तास होतात. सकाळी सातला निघालात तर दुपारी अडीच. दहाला निघालात तर साडेपाच, आणि डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे तोरण्याच्या बुधला माचीकडची शेवटची कातळातली चढण, जिथे हातही टेकावे लागतात, ती तुम्ही संधिप्रकाशात, सगळ्यांत दमलेले असताना करणार. ट्रेक तोच, वाट तीच, फक्त निघायची वेळ बदलली. दिवसाला सहा-सात तासांच्या वर चालावं लागेल असा पहिला ट्रेक निवडू नका.

मधूनच उतरायची वाट

नकाशावर दुसऱ्या दिवसाच्या दुपारच्या जागी पेन्सिलने फुली मारा. तिथून दोन तासांच्या आत गाडीरस्ता किंवा वस्ती गाठता येते का? राजगड-तोरण्याची धार नवख्यांना मी विश्वासाने सांगतो ती यासाठीच. दोन्ही गडांच्या मधल्या खिंडीतून वेल्ह्याकडून पलीकडे जाणारा डांबरी रस्ता ओलांडावा लागतो. कुणाचा पाय मुरगळला तर तिथे ट्रेक थांबवता येतो. धारेवर नसलेली, दोन्ही बाजूंनी कडे असलेली नाळ मात्र अशी सोय देत नाही. निम्म्यात गेलात की पुढे किंवा मागे, एवढंच.

याच कारणाने काही वाटा सुरुवातीला वर्ज्य समजाव्यात: अलंग-मदन-कुलंग, जिथे दोर लावल्याशिवाय जाता येत नाही, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, भीमाशंकरची शिडी घाटाची वाट, बोराट्याची नाळ. "दृष्टीभय आहे" असं कुणी म्हटलं की त्याचा अर्थ समजून घ्या. पाऊल चुकलं तर घसरून थांबायला जागा नाही, असा तो अर्थ आहे. पाठीवर दहा किलोची सॅक असताना तोल वेगळा जातो. रिकाम्या पाठीने पार केलेला टप्पा सॅकसह तसाच जाईल असं धरू नका.

तीन ट्रेक, या क्रमाने

पहिला राजमाची. लोणावळ्याहून उधेवाडीपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटरची, बरीचशी सपाट कच्ची वाट. नवख्याला सॅकची सवय करायला याहून चांगली वाट नाही. उधेवाडीत घरगुती मुक्काम, संध्याकाळी श्रीवर्धन, पहाटे मनरंजन, हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले. दुसऱ्या दिवशी कोंडाणे लेण्यांवरून कोंदिवड्याला उतरायचं आणि कर्जत गाठायचं. उतार चांगलाच आहे, गुडघ्यांची ओळख होते. दुपारची सावली लेण्यांत मिळते. लेण्यातल्या चैत्याच्या कातळात कोरलेल्या लाकडी बांधणीच्या नकला बघायला तासभर काढून ठेवा.

दुसरा राजगड-तोरणा. शुक्रवारी रात्री गुंजवण्यात मुक्काम. शनिवारी उजाडताच गड चढा, गुंजवण्यापासून साधारण ६००-७०० मीटरचा चढ आहे. सॅक पद्मावती माचीवर ठेवून बालेकिल्ला बघून या. मग माझी सूचना थोडी वेगळी आहे. गडावर राहण्याऐवजी संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने उतरून धारेवरच्या किंवा खिंडीजवळच्या वस्तीत आधी ठरवून मुक्काम करा. परवानगीचा प्रश्न राहत नाही, आणि रविवारच्या दुपारी तुम्ही भर उन्हात धारेवर नसता. तोपर्यंत तोरणा चढून, मेंगाईच्या देवळात डबा खाऊन वेल्ह्याकडे उतरायला लागलेले असता. गाडी अर्थातच वेल्ह्यात.

हे दोन्ही जमले, आणि घरी आल्यावर सगळ्यांना पुन्हा जावंसं वाटलं, तर तिसरा: रतनगड ते हरिश्चंद्रगड, तीन दिवस. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ, रतनगडावरच्या शिड्या आणि नेढं (कातळाला आरपार पडलेलं भोक), कात्राबाईचं गर्द रान, कुमशेत, पाचनई, आणि शेवटी कोकणकड्यावरची संध्याकाळ. कात्राबाईच्या जंगलात ढोरवाटा एवढ्या फुटतात की ठळक वाट कुठली हे नकाशावर कळत नाही. इथे रतनवाडीतून वाटाड्या घ्याच. नवख्या गटाने हा ट्रेक खिरेश्वरऐवजी पाचनईलाच संपवला तरी चालेल, पाचनईची वाट गडाची सर्वांत सोपी आहे. कोकणकड्याच्या काठावर झोपूनच डोकवावं, आणि कुठल्याही कड्याजवळ धूर किंवा अत्तर नको. आग्या मोहोळं उठली तर पळायला जागा नसते.

माणसं आणि रंगीत तालीम

चार ते सहा जण. तिघांपेक्षा कमी नकोत: एक जखमी, एक त्याच्यापाशी, एक मदतीला. गटाचा वेग म्हणजे सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा वेग, आणि त्याला सर्वांत पुढे ठेवायचं. मागे ठेवलं की तो पोचेपर्यंत इतरांची विश्रांती झालेली असते. तो पोचला की सगळे उठतात आणि त्याला टेकायलाच मिळत नाही.

निघण्याआधी दोन रविवार आतकरवाडीतून सिंहगड चढा, पूर्ण सॅक भरून. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या भरा. वर पोचल्यावर पाणी झाडांना घाला आणि हलक्या सॅकने उतरा, गुडघे वाचतात. सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जड नको. साठ किलोच्या माणसाला बारा किलो, पाण्यासकट. नवे बूट या तालमीतच पायाला सरावून घ्या. दुसऱ्या रविवारी ज्याची टाच सोलली त्याने बूट बदलावेत किंवा ट्रेक पुढे ढकलावा.

शेवटचे दोन फोन आणि एक कागद

बुधवारी गावात फोन करा: पाणी कुठल्या टाक्यात आहे, वणवा लागला आहे का, बंदी आहे का. शुक्रवारी निघताना पुन्हा एकदा. घरी एक कागद ठेवून जा. कुठून चढणार, कुठे झोपणार, कुठे आणि किती वाजता उतरणार, गाडीचा क्रमांक, गावातल्या माणसाचा नंबर. आणि रविवारी रात्री किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं, तेही त्यावर लिहा. महाराष्ट्रात डोंगरातल्या बचावासाठी गिर्यारोहकांचं समन्वय केंद्र आहे, त्यांची स्वयंसेवी पथकं धावून येतात, पण कुठे शोधायचं हे कागदावर असेल तर त्यांचे कितीतरी तास वाचतात.

परत आल्यावर त्याच रात्री, सॅक रिकामी करण्याआधी, पाण्याची टिपणं लिहून काढा. आमच्या गटाच्या वहीत आता नुसतं "पाणी आहे" असं कुठेच नाही. तारीख असते, टाक्याची खूण असते, दोरी किती सोडावी लागली ते असतं. शेवटची नोंद अशी आहे: "१२ जानेवारी. देवळामागचं दुसरं टाकं, आत दोन खांब. दोरी सहा फूट सोडली. वर शेवाळ, खाली निवळ. गाळून, उकळून प्यायलो. पहिलं टाकं कोरडं."